उभ्या गाडीचे दिवस मोजा

नवी गाडी ठरावीक मुदतीत बिघडली तर कंपनी ती फुकट दुरुस्त करून देईल, एवढं वचन वॉरंटीच्या पुस्तिकेत असतं. ती किती दिवसांत दुरुस्त करायची, तोच बिघाड पुन्हा पुन्हा आला तर पुढे काय करायचं, याबद्दल तिथे अक्षर नसतं. आपल्या देशाच्या कायद्यातही नाही. या मोकळ्या जागेत गोव्यातले कितीतरी लहान पिकअपवाले अडकलेले मी पाहिले आहेत. माझी मागणी एकच आहे. तक्रार नोंदवल्यापासून गाडी जितके दिवस कामाबाहेर राहते ते दिवस कायद्याने मोजावेत. ठरलेली मर्यादा ओलांडली की गाडी बदलून देणं किंवा पैसे परत करणं कंपनीला बंधनकारक असावं. दोष नेमका कुठे आहे हे सिद्ध करण्याचं ओझं गिऱ्हाइकाच्या डोक्यावर असू नये.

गोव्यात पिकअप हौसेसाठी घेणारे थोडे. पहाटे चोर्ला घाट उतरून बेळगावची भाजी साखळी, डिचोली, म्हापशाच्या बाजारात येते ती बहुतेक पिकअपमधून. मालिमच्या जेटीवरची मासळी आणि बर्फ, बांधकामावरचे चिरे, लाद्या, सिमेंट, जत्रेचा मंडप, लग्नाच्या खुर्च्या, किनाऱ्यावरच्या हॉटेलांचं सामान, सगळं याच हौद्यांतून फिरतं. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये खाणी थांबल्या. त्यानंतर डिचोली आणि सत्तरीतल्या माझ्या ओळखीच्या काही ट्रकमालकांनी ट्रक विकले आणि पिकअप घेतली. गाडी नऊ-दहा लाखांची, त्यातला मोठा भाग कर्जाचा. मालकच ड्रायव्हर. हमाली करायला एखादा पोरगा सोबत. अशी गाडी उभी राहिली की घरात येणारा पैसा त्याच दिवशी थांबतो, बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला जातोच.

माझ्या धाकट्या भावाची पिकअप वॉरंटीत असतानाच ऐन पावसाळ्यात बिघडायला लागली. चढावर ताकद पडायची, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागायचा आणि गाडी तीस-चाळीसच्या वर जायलाच तयार नसायची. सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे स्कॅनर लावला, काहीतरी केलं, दिवा गेला, गाडी परत मिळाली. आठवडा-पंधरवडा गेला की पुन्हा तेच. पुढच्या खेपेला सॉफ्टवेअर अपडेट. त्यापुढच्या खेपेला एक सेन्सर बदलायचा ठरला, तो राज्याबाहेरच्या गोदामातून यायचा होता. "बाब, पार्ट आला की फोन करतो, तोवर गाडी घेऊन जा, हळू चालवा," असं त्याला सांगण्यात आलं. मालाने भरलेली गाडी चोर्ला घाटात हळू चालवायची म्हणजे काय, हे सांगणाऱ्याने कधी अनुभवलं नसावं. चतुर्थीच्या आधीचे दिवस हे आमच्याकडच्या वाहतूकदारांच्या कमाईचे दिवस. माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान, मूर्ती, भाजी, सगळ्यांना एकाच वेळी गाडी हवी असते. त्या दिवसांत भावाने आपली गिऱ्हाइकं सांभाळायला दुसऱ्याची पिकअप भाड्याने घेतली. त्यातली दोन गिऱ्हाइकं पुढे त्या दुसऱ्याकडेच राहिली. वॉरंटीत गाडीचा भाग भरून मिळतो, तुटलेलं गिऱ्हाईक कोणी भरून देत नाही.

हा बिघाड नेमका काय असतो हे समजून घेतलं पाहिजे, कारण गोव्यातल्या अनेक नव्या डिझेल गाड्यांचं दुखणं तिथेच आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच विकता येतात. डिझेलच्या धुरातली काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांवरची मर्यादा या निकषाने फार खाली आणली, आणि ते योग्यच झालं. आमच्या पोरांच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे. त्यासाठी सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी बसते, तिला मेकॅनिक डीपीएफ म्हणतात. काही गाड्यांत युरियाचं द्रावणही धुरात फवारलं जातं. गाळणीत साठलेली काजळी मधूनमधून जाळून टाकावी लागते. त्यासाठी धुराचं तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत चढवावं लागतं आणि गाडी काही वेळ न थांबता बऱ्या वेगाने चालावी लागते. मोठ्या महामार्गावर दिवसभर पळणाऱ्या गाडीत हे आपोआप होतं. आमच्या गाड्या धावतात कुठे? म्हापसा बाजारातून कळंगुट, तिथून कांदोळी, प्रत्येक हॉटेलासमोर थांबत, पर्वरीच्या कोंडीत अडकत. गाळणी जाळायला सुरुवात होते न होते तोच चावी फिरते आणि इंजिन बंद पडतं. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक प्रयत्नात जादा सोडलेलं थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. काजळी मर्यादेबाहेर गेली की गाडी स्वतःची ताकद आवळून घेते.

यात गाडी चालवणाऱ्याचा दोष कुठे येतो? हे यंत्र कोणत्या रस्त्यांवर, कोणत्या कामासाठी विकलं जातंय हे कंपनीला पुरतं ठाऊक असतं. शहरातल्या शहरात माल पोचवणारी गाडी म्हणूनच तिची जाहिरात होते. छोट्या फेऱ्यांत गाळणी तुंबणार असेल तर विकताना तसं सांगायला हवं, किंवा छोट्या फेऱ्या सोसेल अशी गाडी बनवायला हवी.

भावाच्या गाडीत तर फेऱ्या लहान असण्यापलीकडेही काही होतं. आमच्या ओळखीच्या एका मेस्ताने, ज्याने खाणीवरच्या ट्रकांची इंजिनं आयुष्यभर उघडली आहेत, ऑइलची पट्टी बाहेर काढून नुसती बोटावर घासली, वास घेतला आणि म्हणाला, पातळी वाढलीय, डिझेल उतरतंय, एखादा इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) गळतोय का ते आधी बघा. वॉरंटी जाईल म्हणून त्याने पान्याला हात लावला नाही. सर्व्हिस सेंटरने इंजेक्टर तपासला तो दिवाळी उलटून गेल्यावर, भावाने लेखी तक्रार दिल्यानंतर. इंजेक्टर बदलला आणि गाडी सुधारली. म्हणजे त्याआधीच्या प्रत्येक खेपेला स्कॅनरने गाळणी जबरदस्तीने जाळून गाडी परत दिली जात होती. रोग न शोधता ताप उतरवायची गोळी द्यावी तसं.

असं का होतं याचा मी बराच विचार केला, आणि सगळा राग खालच्या पोरांवर काढणं मला अन्यायाचं वाटतं. वॉरंटीच्या कामाची मजुरी डीलरला गिऱ्हाईक देत नाही, कंपनी देते, आणि ती कंपनीने ठरवलेल्या दराने व ठरवलेल्या वेळेपुरती. महागडा भाग बदलायचा तर कंपनीची मंजुरी लागते, जुना भाग जपून ठेवावा लागतो, स्कॅनरमधली नोंद जोडावी लागते. नोंद पटली नाही तर दावा फेटाळला जातो आणि भुर्दंड डीलरला बसतो. त्यामुळे वर्कशॉपातला मुलगा आधी सर्वांत स्वस्त उपाय करतो, मग त्याच्या वरचा. दोषाचं मूळ शोधण्यासाठी दोन तास गाडीसोबत घालवण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही. गाडी सहा वेळा परत आली तर सहा जॉब कार्डं, म्हणजे वर्कशॉपातले कामाच्या नोंदीचे कागद, होतात, आणि प्रत्येक कार्डावर 'तपासणी केली, ठीक आहे' लिहून ते बंद होतं. कागदावर सहा वेळा यशस्वी सेवा झालेली असते. कंपनीच्या मुख्यालयात पोचणारं चित्र तेच.

डीलर म्हणतो कंपनी मंजुरी देत नाही. कंपनीचा टोल फ्री नंबर म्हणतो तुमच्या डीलरशी बोला. याला कायद्याचीही एक बाजू आहे, आणि ती गोव्याच्याच एका खटल्यातून पुढे आली. इथल्या एका ग्राहकाला २०११ मध्ये नवी म्हणून जी गाडी दिली गेली ती २००९ सालची आणि ६२२ किलोमीटर चाललेली होती. ग्राहक तक्रारींचा जिल्हा मंच, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग असा प्रवास करत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२१ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने सांगितलं की डीलर आणि उत्पादक यांचं नातं दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचं आहे. डीलरने केलेलं कृत्य उत्पादकाला माहीत होतं असं दाखवता आलं नाही तर उत्पादक जबाबदार नाही. त्या प्रकरणात गाडीत उत्पादनदोष असल्याचा मुद्दा नव्हता, त्यामुळे निकाल कायद्याच्या चौकटीत समजण्यासारखा आहे. पण गिऱ्हाइकाच्या जागी उभं राहून पाहा. शोरूमवर पाटी कंपनीची, पुस्तिका कंपनीची, वॉरंटी कंपनीची. तक्रार करायची वेळ आली की ते दोघे वेगळे. आणि निकाल लागेपर्यंत दहा वर्षं गेलेली.

धंद्याच्या गाडीला ग्राहक कायदा लागूच नाही, असंही पिकअपवाल्यांना काउंटरवर ठोकून सांगितलं जातं. हे खोटं आहे आणि ते प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक असायला हवं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी वगळली आहे खरी, पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्या वगळण्यातून बाहेर ठेवली आहे. जुन्या कायद्यातही ही तरतूद होती आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उलगडून सांगताना स्वतः ट्रक चालवणाऱ्या मालकाचंच उदाहरण दिलं होतं. मदतीला एक-दोन माणसं घेतली म्हणून त्याचं ग्राहकपण जात नाही, असंही त्यात स्पष्ट आहे. पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगात करता येते. पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी फी २०० रुपये, दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी ४०० रुपये. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते.

मग अडतं कुठे? पुराव्यापाशी. गाडीत उत्पादनदोष आहे हे तक्रारदाराने सिद्ध करावं अशी अपेक्षा असते, आणि त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो. आयोग गाडी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण त्याची फी आधी तक्रारदाराने भरायची. वाहन तपासणीची नामांकित संस्था पुण्यात. साखळीचा भाजीवाला आपली बंद पडलेली गाडी पुण्याला कशी नेणार, आणि तोवर खाणार काय? शिवाय दोष सिद्ध झाला तरी गाडी बदलून मिळेलच असं नाही. २००६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची असते, त्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. कायद्याप्रमाणे तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावायचा आहे. प्रत्यक्षात तारखा कशा पडतात हे आयोगाच्या पायऱ्या चढलेल्या कोणालाही विचारा.

२०१९ च्या कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचं नवं प्रकरण आलं तेव्हा मला आशा वाटली होती. व्याख्या वाचल्यावर ती मावळली. सदोष वस्तूमुळे माणसाला इजा झाली, दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर ते प्रकरण उपयोगी पडतं. खुद्द त्या वस्तूचं नुकसान आणि व्यापारी किंवा आर्थिक तोटा त्यातून सरळ वगळला आहे. भावाने ऐन हंगामात गमावलेलं भाडं त्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्यातलं ११०-अ हे कलम, ज्याखाली केंद्र सरकार सदोष गाड्या परत बोलवायला लावू शकतं आणि ज्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत, ते पर्यावरणाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या लोकांना धोका असेल तरच चालतं. उभी राहिलेली गाडी कोणाला धोका देत नाही, म्हणून ती या कलमाच्याही बाहेर. (धूर शुद्ध करणारी यंत्रणाच पुन्हा पुन्हा बंद पडत असेल तर तो पर्यावरणाचा प्रश्न का मानू नये, हे मात्र परिवहन मंत्रालयाला विचारण्यासारखं आहे. त्यासाठी गाडीमालकांनी सरकारी पोर्टलवर तक्रारी नोंदवायला हव्यात. मालकांच्या तक्रारींवरून चौकशी सुरू व्हायची तर त्यांची ठरावीक संख्या जमावी लागते.)

इतर देशांनी हा पुराव्याचा पेच फार साध्या मार्गाने सोडवला. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याने १९८२ मध्ये असा पहिला कायदा केला आणि नंतर बाकीच्या राज्यांनी आपापले केले. तिथला सर्वसाधारण नियम असा की ठरलेल्या मुदतीत एकच बिघाड चार प्रयत्नांनंतरही गेला नाही, किंवा गाडी एकूण ३० दिवस दुरुस्तीसाठी अडकून राहिली, तर ती दुरुस्त होण्याजोगी नाही असं कायदा स्वतःच गृहीत धरतो. मग इंजेक्टर गळत होता की सेन्सर खोटं सांगत होता याच्याशी गिऱ्हाइकाला कर्तव्य उरत नाही. जॉब कार्डं मोजली की पुरावा पूर्ण. कॅलिफोर्नियात गाडी दुरुस्तीला दिल्यापासून परत मिळेपर्यंत वॉरंटीची मुदतही थांबते. सिंगापूरने २०१२ मध्ये आणि फिलिपिन्सने २०१४ मध्ये या वाटेने पाऊल टाकलं. फिलिपिन्सच्या कायद्यात बारा महिने किंवा २०,००० किलोमीटर यांत चार प्रयत्न असं माप आहे. पण त्यात पिकअपचा समावेश केला आणि माल पोचवणारे ट्रक वगळले. आपल्याकडे कायदा करताना ही चूक होता कामा नये. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला सर्वांत आधी संरक्षण हवं, आणि मुदतही त्याच्या वापराला साजेशी हवी. घाट चढउतार करणारी पिकअप २०,००० किलोमीटर काही महिन्यांतच ओलांडते. बऱ्याच पिकअपना तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची वॉरंटी मिळते, तेवढीच मुदत इथे धरावी.

दिवस कसे मोजायचे हेही कायद्यात नेमकं लिहावं लागेल. नुसते 'वर्कशॉपात असलेले दिवस' म्हटलं तर 'पार्ट येईपर्यंत गाडी घरी न्या' हे उत्तर तयारच आहे, आणि मग अंगणात उभी असलेली गाडी कोणाच्याच हिशेबात येत नाही. तक्रार लिहून दिल्याच्या तारखेपासून गाडी पूर्ण भार घेऊन चालायला लागेपर्यंतचा प्रत्येक दिवस धरावा. आणि तेवढेच दिवस वॉरंटी पुढे वाढावी. हे दुसरं कलम तर कोणत्याही कंपनीला आजही स्वतःहून मान्य करता येईल. विकलेल्या वस्तूचा उपयोगच देता आला नाही ते दिवस मुदतीतून कापून घेणं कोणत्या न्यायात बसतं?

कंपन्या यावर काय म्हणतील ते मी ऐकलेलं आहे. गोव्यात पिकअपवर क्षमतेच्या दुप्पट चिरे चढवतात, मग स्प्रिंगचे पाटे तुटले, क्लच जळला तर आम्ही का भरायचं? मुद्दा खरा आहे. अशा गाड्या मी रोज पाहतो, त्या चालवणाऱ्याच्या आणि समोरून येणाऱ्याच्याही जिवावर उठतात. जादा भारामुळे झालेला बिघाड या संरक्षणातून जरूर वगळावा. मात्र ते कारण लेखी द्यावं, आणि त्या बिघाडाशी जादा भाराचा संबंध कसा लागतो हे कंपनीने दाखवावं. पाट्याचा आणि नायट्रोजन ऑक्साइडच्या सेन्सरचा काय संबंध? आज एका बिघाडाचं कारण सांगून सगळ्याच तक्रारींना दार बंद केलं जातं.

किमती वाढतील हा दुसरा आक्षेप. थोड्या वाढतीलही. पण सदोष गाडीचा खर्च आजही कोणीतरी भरतोच आहे. तो ज्याच्या नशिबी वाईट गाडी आली त्या एकट्याने भरायचा, की सगळ्या गाड्यांवर थोडा थोडा वाटून जायचा, एवढाच प्रश्न आहे. वाटला गेला तर कंपनीलाही वाईट गाडी कारखान्याबाहेर न सोडण्याचं कारण मिळतं.

बाहेरच्या मेस्ताचा प्रश्न याला जोडूनच आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात मिळू न देणं हा ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारा, असाही आदेश होता. केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. तरी साखळीतल्या मेस्ताच्या हातात कंपनीचं सॉफ्टवेअर आज नाही, आणि त्याने बोनेट उघडला तर वॉरंटी जाईल ही भीती गिऱ्हाइकाच्या मनात तशीच आहे. खाणींनी या भागात इंजिनाची नस ओळखणारी माणसं घडवली. हातात विद्या असून त्यांना नव्या गाडीपासून लांब उभं राहावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

देशाचा कायदा दिल्लीत होईल तेव्हा होईल. गोवा सरकारला त्याची वाट न पाहता करण्यासारखं बरंच आहे. ग्राहक कायद्यात 'मान्य प्रयोगशाळा' कोणती हे ठरवण्याचा अधिकार केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांना धरून राज्यालाही आहे. फर्मागुढीला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे (स्थापना १९६७), तिथे यांत्रिकी विभाग आहे. त्याला आवश्यक ती साधनं द्या, मान्यता द्या, आणि उत्तर व दक्षिण गोव्याच्या जिल्हा आयोगांना गाड्या तिथे पाठवू द्या. तपासणीची फी मोठी असेल तर लहान वाहतूकदारासाठी ती सरकारने आधी भरावी आणि निकालानंतर हरणाऱ्याकडून वसूल करावी. एवढ्याने अर्धा अडथळा दूर होईल, कारण आज कितीतरी तक्रारी अहवालाच्या खर्चाला घाबरून दाखलच होत नाहीत.

याच ग्राहक कायद्याच्या १६ व्या कलमाखाली जिल्हाधिकारी ग्राहकांच्या एखाद्या संपूर्ण वर्गाच्या हक्कभंगाची चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अहवाल देऊ शकतात. एकाच मॉडेलचे वीस-पंचवीस पिकअपवाले आपापली जॉब कार्डं घेऊन एकत्र गेले तर ती एकट्याची कुरकुर राहत नाही. आमच्याकडे मासळीवाल्यांच्या, टॅक्सीवाल्यांच्या संघटना आहेत, पिकअपवाले मात्र विखुरलेले. डीलरांना ट्रेड सर्टिफिकेट देणारं परिवहन खातंही हात झटकू शकत नाही. कोणत्या मॉडेलच्या किती गाड्या एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा आल्या आणि किती दिवस अडकल्या, ही माहिती डीलरांकडून दर तिमाहीला घेऊन जाहीर करावी. गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला मायलेज आणि हप्ता कळतो, हे कधीच कळत नाही.

तोवर गाडीवाल्यांनी जपायची गोष्ट म्हणजे कागद. जॉब कार्डावर तक्रार आपल्याच शब्दांत लिहायला लावा. 'जनरल चेकअप' असं लिहिलेल्या कार्डावर सही करू नका. गाडी दिल्याची आणि परत घेतल्याची तारीख, दोन्ही वेळचे किलोमीटर, लागलेल्या दिव्याचा फोटो, स्कॅनरमध्ये आलेल्या कोडची प्रत, सगळं मागून घ्या. 'पार्ट नाही' हे तोंडी ऐकून परतू नका, व्हॉट्सॅपवर का होईना लिहून घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे केलेल्या तक्रारीचा क्रमांकही जपून ठेवा. भावाच्या लेखी तक्रारीनंतरच इंजेक्टर तपासला गेला, हे मी वर सांगितलं. आधीच्या सगळ्या खेपा तोंडी बोलण्यात गेल्या होत्या.

नवा कायदा आला तर तो कोणत्या गाड्यांना लागू होईल, हा प्रश्न लोक मला विचारतात. कायद्यानंतर विकलेल्या गाड्यांनाच, असं उत्तर येण्याची शक्यता जास्त आहे. मला ते मान्य नाही. आज ज्या गाड्यांची वॉरंटी चालू आहे, ज्यांचे हप्ते अजून दोन-तीन वर्षं जायचे आहेत, त्यांच्या कागदांवर खेपांच्या तारखा आधीच पडलेल्या आहेत. किमान ज्या बिघाडाची नोंद वॉरंटीच्या मुदतीत झाली आहे आणि जो अजून गेलेला नाही, तो या मोजणीत यायला हवा, मग गाडी कोणत्याही तारखेला विकलेली असो.